पावसातही कोरडा राहिलेला वेल

कृष्णकमळ भिंतीलगत लावलं आणि वर्षभरात ते हातभरही वाढलं नाही. पानं पिवळी, शेंडे सुकलेले. मी आपला खत घालत राहिलो. एकदा भरपूर पाऊस पडून गेल्यावर सहज मुळाशी बोट खुपसलं, तर माती ठणठणीत कोरडी! वरच्या छज्ज्यामुळे पाऊस तिथे पोचतच नव्हता. उकरल्यावर खाली निघाले बांधकामातले सिमेंटचे खडे.

मग रोप काढून भिंतीपासून दीड फूट पुढे नेलं. रुंद खड्डा, राडारोडा बाहेर, मातीत शेणखत. रोप भिंतीकडे कलतं ठेवलं, शेजारी बांबूची काठी तिरकी टेकवली आणि पहिले काही आठवडे नेमानं पाणी घातलं.

वेल वाढला, पण चढेना. ही चूक सर्वस्वी माझी. आधाराला मी मनगटाएवढा जाड पाइप उभा केला होता. जाई अख्ख्या खोडाने विळखा घालते. कृष्णकमळ मात्र तणाव्यांनी, म्हणजे खोडाला फुटणाऱ्या बारीक तंतूंनी धरतं. ते दोऱ्याएवढे तणावे जाड पाइपाला वेढा घालणार कसे? हवेतच स्प्रिंगसारखे गुंडाळून बसायचे बिचारे. पाइपाभोवती कोंबडीजाळी लावली, तर दोनच दिवसांत एका तणाव्याने तारेला तीन घट्ट वेढे दिले.

शेंडे सुतळीने सैलसर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बांधले. तारेने बांधू नका, खोड जाड झालं की ती आत रुतते.

सध्या तक्रार उलटी आहे: खिडकी उघडत नाही.