घरच्या व्यापात गोधडी कशी बसवावी: नव्याने शिवणकाम शिकणाऱ्यांसाठी

शिवणकाम शिकू लागलेल्या बहुतेक जणी पहिला प्रश्न वेळेचा विचारतात. नोकरी, मुलांची शाळा, डबे, लोकलचा प्रवास आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधपाणी यांतून गोधडीसाठी वेळ काढायचा तरी कुठून? भांडुपच्या वन-रूम-किचनमध्ये पाच माणसांच्या संसारात नोकरी सांभाळून शिवणकाम करताना माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न वेळेचा कमी आणि कामाच्या वाटणीचा अधिक आहे. सलग तीन तास मुंबईतल्या संसारी बाईला सहसा मिळत नाहीत. मिळतात ती दहा, वीस, फार तर चाळीस मिनिटे. म्हणून कोणते काम मध्येच सोडून उठता येते आणि कोणते येत नाही, एवढे एकदा नीट ओळखावे आणि प्रत्येक कामाला त्याच्या जातीची वेळ द्यावी.

मध्येच सोडता न येणारे काम म्हणजे बेतणे आणि कापणे. येथे लक्ष विचलित झाले की मापात फरक पडतो, आणि पाव इंचाची चूक सात तुकड्यांच्या ओळीत पावणेदोन इंच होऊन बसते. शिवाय या कामाला जमीन मोकळी लागते, आणि आमच्यासारख्या घरांत जमीन हीच सर्वांत महागडी वस्तू असते: सकाळी तिच्यावर अंथरुणे असतात, दुपारी पाने मांडली जातात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास पसरतो. रविवारी दुपारची जेवणे उरकून मुले खाली खेळायला गेली की जो दीड-दोन तासांचा अवकाश मिळतो, तो मी केवळ कापण्यासाठी राखून ठेवते आणि त्या वेळेत मशीनला हात लावत नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवले आहे, कारण न सांगता गृहीत धरलेली वेळ घरात कुणीच पाळत नाही.

पहिले काम म्हणून बाळाचे दुपटे घ्यावे, डबल बेडची गोधडी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. हिशोब सोपा आहे. सहा इंचांचे चौकोन कापून दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत गेले की शिवलेला चौकोन साडेपाच इंचांचा उरतो, आणि सात ओळींत सात याप्रमाणे 49 चौकोन जोडले की काठाची शिवण वजा जाता 38.5 इंचांचा तुकडा तयार होतो. खालच्या अस्तराला 44 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड सव्वा मीटर घेतले तर ते बिनजोडाचे बसते आणि चारी बाजूंनी निदान दोन इंच कापड शिल्लक राहते. शिवताना थर थोडेफार सरकतातच, त्यासाठी ही शिल्लक हवी. काठाच्या पट्टीसाठी त्याच पन्ह्याच्या अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या पुरतात. नवे सुती कापड कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ते पहिल्या धुण्यात आटते आणि नंतर आटले तर सगळी शिवण चुण्या धरते. कापून झालेल्या प्रत्येक ओळीचे सात चौकोन एकावर एक रचून टाचणी लावावी आणि वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी अडकवावी. मग आठवडाभराने पिशवी उघडली तरी विचार करत बसावे लागत नाही. रंगांची मांडणी माझी मुलगी करते; तिची निवड मला नेहमीच पटते असे नाही, पण तिच्या हातून मांडलेल्या दुपट्याच्या आड ती खेळ घेऊन येत नाही, हा लाभ मोठा आहे.

कापडाच्या खरेदीवर नवशिक्यांनी फार वेळ घालवू नये. मंगलदास मार्केटमध्ये सुती कापडाचे असंख्य प्रकार मिळतात, पण ते रविवारी बंद असते, त्यामुळे नोकरदार बाईला एखादी रजा किंवा शनिवार काढावा लागतो. परळजवळच्या हिंदमाताला आणि लेस-नाड्यांसाठी भुलेश्वरला जाणेही असेच यादी करून एकदाच उरकावे. गोधडीसाठी मात्र खरा साठा घरातच असतो. बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात कपडे देण्यापूर्वी त्यातल्या सुती साड्या, धोतरे आणि पलंगपोस बाजूला काढावेत. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणून पाहावे. ते फसकले तर विरलेले आहे असे समजून फरशी पुसायला द्यावे, कारण विरलेल्या कापडावर घातलेला टाका कितीही सुबक असला तरी एका पावसाळ्याच्या पुढे टिकत नाही. मुंबईच्या उकाड्यात मधल्या थराला पॉलिएस्टरचा कापूस घालण्याचीही गरज नसते. जुनी सुती चादर किंवा फ्लॅनेल पुरते, आणि ते हाताने शिवायलाही हलके जाते.

मशीनचे काम मधल्या प्रकारचे आहे: ते थांबवता येते, पण दर वेळी मांडामांड करावी लागते, म्हणून अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ असेल तर मशीन काढूच नये. बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळ्या) एकाच वेळी तीन-चार भरून ठेवाव्यात. दोन-तीन थरांच्या सुती कापडाला 14 नंबरची सुई चालते, मलमलीला 11 नंबरची घ्यावी, आणि टाके सुटू लागले की मशीनला दोष देण्याआधी सुई बदलून पाहावी. उठावे लागले तर सुई कापडात खाली रुतवून ठेवावी म्हणजे ओळ सरकत नाही; घरात लहान मूल असेल तर मात्र मोटरचा प्लग काढल्याखेरीज जागा सोडू नये. आवाजाचा विचारही करावा लागतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत किंवा जुन्या इमारतीत रात्री साडेदहाला चालवलेले मशीन खालच्या मजल्यावर ऐकू जाते. पायाखाली दुहेरी सतरंजी घातली की थरथर पुष्कळ कमी होते, तरीही मी मशीन संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यानच चालवते, कारण तेव्हा सगळ्यांच्याच घरी कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही चालू असतात.

आता हातशिलाईविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण संसारात शिवणकाम टिकते ते तिच्याच जोरावर. धावदोऱ्याला, म्हणजे हाताने घातलेल्या साध्या सरळ टाक्याला, ना टेबल लागते ना वीज, आणि तो कोणत्याही टाक्यावर थांबवता येतो. माझी पिशवी अशी असते: एक सुईदाणी, बोथट टोकाची लहान कात्री, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे टोपण), दोन रिळे आणि हातात घेतलेल्या कामाचा एवढाच भाग जो मांडीवर मावेल. सकाळच्या लोकलमध्ये हे शक्य नाही, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. परतीला सीएसएमटीहून स्लो गाडीत बसायला जागा मिळाली तर मी काठाची पट्टी शिवते; महिलांच्या डब्यात कुणी मटार सोलते, कुणी मेथी निवडते, तेथे सुई-दोऱ्याचे कुणाला नवल वाटत नाही. उभे राहून किंवा चौथ्या सीटवर अर्धवट टेकून सुई हातात घेऊ नये. दोऱ्याची लांबी हातभरच ठेवावी, म्हणजे शेजारणीच्या पदरापर्यंत हात जात नाही आणि दोरा गुंतत नाही.

घरी सासूबाई दुपारी एक-दोन तास गोधडीवर बसतात आणि आमच्या दोघींच्या पद्धती वेगळ्या आहेत. त्या जुन्या साड्यांचे चार-पाच पदर एकावर एक घालतात, कडा आत दुमडतात आणि काठापासून सुरुवात करून चौकटीत चौकट घेत मध्याकडे येतात. त्यांचा टाका आखूड असतो आणि ओळींत बोटभरही अंतर नसते. मी वर्गात शिकले ती रीत उलटी आहे: मध्यापासून बाहेर जायचे, म्हणजे थरांमधली सुरकुती आपोआप कडेला ढकलली जाते. मधला थर जाड आणि सरकणारा असेल तेव्हा माझी रीत उपयोगी पडते, पण सुती साड्या एकमेकींना धरून राहतात, त्यामुळे तेथे त्यांची रीत अधिक घट्ट आणि टिकाऊ ठरते हे मी मान्य केले आहे. दोघींनी एकाच गोधडीवर काम करायचे असेल तर आधी कच्चे (नंतर काढून टाकायचे) टाके घालून सगळे थर बांधून घ्यावेत आणि आपापला चतकोर ठरवून घ्यावा. दोन हातांचे टाके एका ओळीत आले की ते लगेच दिसतात. (मला ते दिसणे आवडते, सासूबाईंना नाही.)

काम थांबवताना एक सवय लावून घ्यावी: उठण्यापूर्वी पुढची पायरी कागदावर लिहून पिशवीत टाकावी. 'चौथी ओळ पाचव्या ओळीला जोडणे, शिवण गडद रंगाकडे वळवून इस्त्री' एवढे एक वाक्य पुरते. सुईत दोरा ओवूनच ठेवावा. एका वेळी मशीनवरचे एक आणि हातातले एक, यापेक्षा अधिक कामे उघडू नयेत. तिसरे सुरू केले की पहिले माळ्यावर जाते, आणि आमच्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू खाली येते ती थेट घर रंगवायला काढल्यावर.

वर्षाचाही एक बेत असतो. गोधड्या मे महिन्यात धुऊन कडक उन्हात वाळवून घ्याव्यात, कारण जूननंतर जाड कापड दोन-तीन दिवस ओले राहते आणि त्याला कुबट वास येतो. पावसाळ्यात सुयांना आणि टाचण्यांना गंज चढतो व त्याचे डाग सुती कापडावरून जात नाहीत, म्हणून त्या झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांमधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. मशीनला तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवून घ्यावे.

शिकणे वाढवायचे असेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, पण तो पूर्णवेळ असल्याने नोकरी करणारीला जमणे कठीण. तिच्यासाठी वस्तीतला संध्याकाळचा वर्ग बरा. त्यानंतर ऑर्डरींचा विषय निघतोच. पण त्याही आधी येतात त्या फुकटच्या विनंत्या: जाऊबाईंचा फॉल, शेजारच्या वहिनींचे ब्लाउज उसवणे, भाचीच्या गणवेशाची उंची. याला नाही म्हणणे आपल्याकडे अवघड, म्हणून मी महिन्याचा एक शनिवार दुरुस्त्यांसाठी ठेवला आहे आणि 'त्या शनिवारी आणून द्या' एवढेच सांगते. निम्मी कामे तोवर कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलेली असतात. पैसे घेऊन काम करायचे असल्यास बाळंतविड्यापासून सुरुवात करावी. झबली, टोपडी, कुंची, दुपटे यांना मागणी बारमाही असते, कापड थोडे लागते आणि मापे ठरलेली असतात.

सासूबाईंनी 1982च्या गिरणी संपात लालबागच्या चाळीत परकर-पोलकी शिवून घर चालवले, आणि गोकुळाष्टमीनंतर गणपतीसाठीचे एकही काम घ्यायचे नाही हा त्यांचा तेव्हाचा नियम मी जसाच्या तसा उचलला आहे. कापडाचे पैसे आगाऊ घ्यावेत. शिलाई ठरवताना पहिल्या दोन-तीन नगांना लागलेले तास, कापण्या-इस्त्रीसह, वहीत मांडावेत आणि त्यावरूनच दर काढावा. शेजारणीने सांगितलेल्या दरावर विसंबू नये, कारण तिच्याकडे कदाचित स्वयंपाकाला बाई असते.