ऑनलाइन समुपदेशनाचा गुण येत नाहीये? आधी या चुका टाळा

"चार सेशन झाली, पण गुण येत नाहीये. प्रत्यक्ष भेटूनच करायला हवं होतं का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. मी समुपदेशक आहे आणि माझं निम्म्याहून जास्त काम व्हिडिओ कॉलवर चालतं. नैराश्य आणि चिंता यांच्यासाठीचे ऑनलाइन उपचार नीट केले तर प्रत्यक्ष भेटीइतकेच लागू पडतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. घोडं पेंड खातं ते स्क्रीनच्या अलीकडे.

दार लोटलं म्हणजे एकांत मिळाला?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि तिला कुणी चूक मानतच नाही. एक मुलगी (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) पहिली तीन सेशन "हो", "बरंय", "तसं काही नाही" याच्या पलीकडे जाईना. मी मनात नोंद करून ठेवली की स्वभाव अबोल आहे. चौथ्या वेळी तिने लॅपटॉप जरा वळवला, तर मागे पलंगावर आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. दर बुधवारी संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच वेळेला. पुढचं सेशन मुलीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बाबांच्या बंद गाडीत बसून केलं. पाऊण तास बोलत होती, आणि त्यातला बराचसा वेळ आईबद्दल.

तेव्हा गाडी, गच्ची, मैत्रिणीची खोली, जे जमेल ते आधी ठरवा. इअरफोन लावाच, म्हणजे निदान आमची बाजू तरी घरभर ऐकू जात नाही. अचानक कुणी आलं तर काय करायचं, यासाठी एखादा खुणेचा शब्द ठेवा. एकाचा शब्द "जीएसटी" आहे. तो उच्चारला की मी बिनदिक्कत रिटर्नच्या तारखा विचारायला लागते.

ऑफिसच्या मीटिंगमधून थेट सेशनमध्ये उडी मारू नका. प्रत्यक्ष येताना रिक्षात जी वीस मिनिटं जायची, त्यात मन तयार व्हायचं. ती वीस मिनिटं ऑनलाइनमध्ये गायब झालीत. स्वतःचा चेहरा दिसणारी छोटी खिडकीही बंद करा, नाहीतर निम्मं लक्ष केसांकडे. नेट गचके खात असेल तर व्हिडिओ बंद करून आवाजावर चालवा, आणि कॉल तुटला तर परत कुणी लावायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

"मला अँक्झायटी आहे"

हे वाक्य ऐकून मला फारसं काही कळत नाही. मराठीत सांगा म्हटलं की "सकाळी बॉसचा मेसेज दिसला की पोटात गोळा येतो" असं येतं, आणि तिथून काम सुरू होतं. परदेशातल्या मराठी लोकांना तर आपल्या भाषेत बोलता यावं म्हणूनच ऑनलाइन हवं असतं. पण तिथून भारतातले उपचार घेताना तिकडचे परवान्याचे नियम काय आहेत, हे आधी विचारून घ्या.

ॲप उतरवलं, आता बरं वाटेल

स्वतःच्या स्वतः करायचे कोर्स आहेत आणि त्यातले काही चांगलेही आहेत. पण अधूनमधून विचारपूस करणारं माणूस जोडलेलं असलं की लोक कोर्स जास्त प्रमाणात पूर्ण करतात आणि फायदाही जास्त होतो. नुसत्या ॲपचं आपल्या जिमच्या पावतीसारखं होतं. सेशनमध्ये दिलेल्या गृहपाठाचं, म्हणजे मनात आलेले विचार रोज लिहून ठेवण्याचंही तेच. कॉलच्या आधी दहा मिनिटं बसून आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने लिहिलेल्या मला ओळखू येतात.

गोळ्या आणि डिग्री

समुपदेशक गोळ्या लिहून देत नाही, ते सायकिअॅट्रिस्टचं काम. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आठव्या दिवशी डॉक्टर बदलू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स ही डिग्री नव्हे.

प्रश्नावली भरताना

ऑनलाइन उपचारांत नैराश्य किती आहे हे मोजणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली बऱ्याचदा भरायला येते. नऊ प्रश्न, 0 ते 27 गुण. ती विचारते गेल्या 2 आठवड्यांबद्दल, आणि लोक उत्तर देतात त्या सकाळचं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे. तिथे घरी कळेल या धास्तीने "अजिबात नाही" वर टिक होते. समोर बसलेल्या माणसाचे थरथरणारे हात मला दिसले असते, इथे मला फक्त खांद्यापासून वरचा भाग दिसतो. त्या टिकवर मला विसंबावं लागतं.

पहिल्या सेशनला मी राहता पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागते, तेव्हा काहीजण बिचकतात, काही खोटा पत्ता देतात. तो गरज पडली तर मदत पाठवण्यासाठी असतो. तो नंबर कधी वापरायचा, हे मी तेव्हाच सांगते. आणि सेशन गुरुवारी असताना सोमवारी रात्री दोन वाजता असह्य झालं, तर गुरुवारची वाट बघत बसू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.