बाजरीचे पीठ कडू कसे होते, हे घरी कसे तपासावे

भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीसाठी पुण्यात घरोघरी बाजरी दळून आणली जाते आणि उरलेले पीठ पंधरा दिवसांत कडू झाले की दोष गिरणीवाल्याच्या माथी येतो. वास्तविक हे काम दाण्यातल्याच लायपेज या विकराचे (एन्झाइमचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) असते.

बाजरीच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त, आणि त्यातला मोठा भाग अंकुरात साठलेला असतो. स्निग्धांशाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले. लायपेज पाण्याच्या साहाय्याने हे जोड एकेक करून तोडते आणि मेदाम्ले सुटी करते. अखंड दाण्यात तेल सूक्ष्म थेंबांत, प्रथिनांच्या आवरणाखाली, विकरापासून वेगळे राहते. दळताना ही व्यवस्था मोडते, आणि कोरड्या भासणाऱ्या पिठातला दहा-बारा टक्के ओलावासुद्धा विकराला पुरतो. सुटलेल्या मेदाम्लांवर पुढे हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन खवट वास येतो. रुजणाऱ्या बीमध्ये मात्र हेच विघटन कोवळ्या रोपाला अन्न पुरवते.

प्रयोगासाठी मार्केट यार्डातून किंवा जवळच्या वाण्याकडून एकाच पोत्यातली अर्धा किलो बाजरी घेऊन निवडावी आणि तिचे दोन समान भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा. दुसरा भाग पाचपट उकळत्या पाण्यात दीड मिनिट बुडवून लगेच निथळावा आणि कडक उन्हात दाणा कटकन फुटेल इतका वाळवावा. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये, कारण ओलसर दाण्याला बुरशी लागते. विकर हे प्रथिन असल्यामुळे उष्णतेने त्याची घडी विस्कटते आणि ते निकामी होते.

दळण घरच्या मिक्सरमध्येच करावे, कारण गिरणीच्या जात्यात आधीच्या दळणाचे पीठ उरलेले असते. त्यातही उकळत्या पाण्यातून काढलेली बाजरी आधी दळावी, म्हणजे कच्च्या पिठातले विकर तिच्यात मिसळणार नाही. कच्च्या पिठाचे दोन डबे भरून एक ओट्यावर व एक फ्रिजमध्ये ठेवावा. तिसरा, उष्णता दिलेल्या पिठाचा डबा ओट्यावरच राहू द्यावा. डब्यांवर तारीख लिहावी.

दर तीन दिवसांनी प्रत्येकातले दोन चमचे पीठ गरम पाण्यात मळून वास घ्यावा, छोटी भाकरी भाजून कणभर चाखावी आणि नोंद करावी. ओट्यावरचे कच्चे पीठ प्रथम कडवट होईल. फ्रिजमधले मागाहून होईल, कारण थंडीने विकर मंदावते, नष्ट होत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत समान वजनाचे पीठ अल्कोहोलमध्ये ढवळून, गाळून, फिनॉल्फ्थॅलीन घालून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब मोजावेत. गुलाबी छटा येण्यास जितके थेंब अधिक लागतील, तितकी सुटी आम्ले अधिक.

पीठ कडू झाल्यावर ते कढईत भाजण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याने विकर थांबते खरे, परंतु तोवर सुटलेली मेदाम्ले पुन्हा ग्लिसरॉलला जोडली जात नाहीत, म्हणून उष्णता द्यायची ती दळण्यापूर्वी दाण्यालाच द्यावी.