ओपनफोम: हलत्या झडपेवरचा फोर्स दर स्टेपला उलटसुलट होत असेल तर (माझा अनुभव)

बेळगावात उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखान्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) सिम्युलेशन ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये करत होतो. पाणी, आणि त्यात बिजागरीवर हलणारी पॉलीप्रॉपिलीनची झडप, घनता सुमारे 900 किलो प्रति घनमीटर. प्रवाह सोडवणारा सॉल्व्हर पिम्पलफोम, झडपेची हालचाल सिक्स-डीओएफने (पाण्याच्या फोर्सवरून घन वस्तूची हालचाल काढणारा भाग).

लक्षण: लॉगमध्ये झडपेवरचा फोर्स एका टाइमस्टेपला अधिक, पुढच्याला उणे, दर वेळी आधीपेक्षा मोठा. मग फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, म्हणजे आकडे हाताबाहेर जाऊन रन बंद. झडप स्टीलची केली की सगळं सुरळीत!

मेश (गणनेची जाळी) बारीक केली, स्कीम (गणनेच्या पद्धती) जास्त स्थिर अशा फर्स्ट ऑर्डर केल्या, फरक शून्य. टाइमस्टेप निम्मा केला तर उलट आणखी लवकर फुटलं. डोकं पिकलं. पण खरा धागा तोच होता: झडप हलताना सोबत ढकललं जाणारं पाणी झडपेपेक्षा जड असलं, की स्टेपमागे एकदाच होणारं फोर्स-हालचालीचं कपलिंग टिकत नाही, आणि लहान स्टेपने ते आणखी बिघडतं.

आधी डायनॅमिकमेशडिक्ट या सेटिंग फाइलमध्ये रो-इन्फ (पाण्याची घनता) 1000 आहे ना, बघून घ्या. मग एफव्हीसोल्यूशन फाइलच्या पिम्पल ब्लॉकमध्ये एनआउटरकरेक्टर्स (एका स्टेपमध्ये सगळी गणना किती फेऱ्यांत करायची) 1 वरून 8 आणि मूव्हमेशआउटरकरेक्टर्स (दर फेरीत झडपही हलवायची) येस. त्यानंतरच अ‍ॅक्सिलरेशनरिलॅक्सेशन (नव्या त्वरणाचा किती भाग घ्यायचा) 0.5. आउटर फेरी एकच ठेवून नुसतं रिलॅक्सेशन लावू नका, फोर्स गुळगुळीत दिसतो पण हालचाल मागे पडते. अ‍ॅक्सिलरेशनडॅम्पिंग मी 1 च ठेवलं. ते कमी करणं म्हणजे खोटं घर्षण घालणं.

एकाच स्टेपमधल्या शेवटच्या दोन आउटर फेऱ्यांचे फोर्स जुळले पाहिजेत. नाही जुळले तर फेऱ्या वाढवा, नाहीतर रिलॅक्सेशन 0.3 करा. रन कित्येक पट लांबतो, रात्री लावून ठेवा.