58 ला निवृत्त झालात आणि थायलंडला शिकवायला यायचं म्हणताय?

महाराष्ट्रात अनुदानित शाळेतला शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. थायलंडमधला सरकारी शिक्षक साठीला निवृत्त होतो, आणि त्याच्या सरकारी वर्षाचा शेवट 30 सप्टेंबर. आपण परदेशी शिक्षक कंत्राटावर असतो, तेव्हा हा नियम आपल्याला थेट लागू होत नाही. पण सरकारी शाळेचे मुख्याध्यापक तोच आकडा डोक्यात धरून बसलेले असतात. म्हणजे सेवापूर्तीचा नारळ हातात पडल्यापासून तुमच्याकडे जेमतेम दोन वर्षं. साताऱ्याहून, नाशिकहून फोन येतात, "मॅडम, आयुष्यभर इंग्रजीच शिकवलंय, तिकडे जमेल ना?" जमेल, पण निवृत्तीनंतर वर्षभर आराम करून मग बघू म्हणालात तर अवघड होईल.

थायलंडच का, तर बाकीच्या ठिकाणी वयाची गोष्ट निघायच्या आधी पासपोर्टच आडवा येतो. कोरियाचा शिक्षक-व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीनमध्येही सहसा तसाच पासपोर्ट लागतो, वर वय साठच्या आत. थायलंडमध्ये भारतीय पासपोर्टवर काम मिळतं. पदवी हवी आणि इंग्रजीचा पुरावा म्हणून टोइक या इंग्रजी परीक्षेचे 600 गुण किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा. आयुष्यभर इंग्रजी शिकवणाऱ्याला परीक्षेला बसायला सांगतात याचा राग येतो, मलाही आला होता. राग गिळा आणि पेपर द्या. निकाल दोन वर्षंच चालतो, त्यामुळे फार आधीही देऊ नका.

आता जाहिराती. त्यात उघड लिहिलेलं असतं: वय 22 ते 45, अर्जासोबत फोटो, नेटिव्ह, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, असाल तर एक पगार, नॉन-नेटिव्ह असाल तर त्याहून बराच कमी. म्हणजे आपल्याला दोन चाळण्यांतून जायचं असतं. पण 45 लिहिणारी शाळासुद्धा मे महिना उजाडला आणि जागा रिकामीच राहिली की 56 च्या माणसाला बोलावते. शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल हा खरा हंगाम. दुसरी संधी ऑक्टोबरात, नोव्हेंबरच्या सत्रासाठी. बँकॉकमधल्या चकचकीत भाषा-केंद्रांना माहितीपत्रकावर छापायला तरुण चेहरे लागतात, तिथे दार वाजवण्यात वेळ घालवू नका. कोराट, खोन केन, उदोन अशा शहरांतल्या खासगी शाळा आणि मोठ्या माध्यमिक शाळा बघा. बालवाडी मात्र टाळा. तिथे दिवसभर उड्या मारत गाणी म्हणायची असतात आणि गुडघे तिसऱ्या दिवशी राजीनामा देतात.

केस रंगवून फोटो काढायचा तर काढा, पण अर्जात वय लपवू नका. पहिल्याच दिवशी पासपोर्टची प्रत मागतात. इथे बौद्ध सन चालतो, आपल्या इसवी सनात 543 मिळवायचे. 1967 चा जन्म म्हणजे 2510, आणि ऑफिसातली बाई ते बघून मनातल्या मनात तुमचं वय काढून मोकळी होते.

साठीच्या आत या असं मी ज्या कारणासाठी बजावते, ते जाहिरातीत नसतं. इथल्या सामाजिक सुरक्षा योजनेत नोकरदार म्हणून पहिल्यांदा नाव घालायला वय साठच्या पुढे चालत नाही. 59 व्या वर्षी या योजनेत येणाऱ्या शाळेत लागलात तर नाव नोंदलं जातं, पगारातून 5 टक्के ठरावीक मर्यादेपर्यंत कापतात, आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात उपचार होतात. नोकरी चालू राहिली तर साठीनंतरही हे संरक्षण राहतं. 61 व्या वर्षी पहिल्यांदा लागलात, की दुखणंखुपणं तुमच्या खिशातून. गावाकडची मेडिक्लेम सहसा परदेशात उपयोगाची नसते, आणि या वयात नवा विमा काढायचा तर हप्ता ऐकूनच घाम फुटतो. म्हणून साठी ओलांडलेल्यांना मी स्पष्ट सांगते: खासगी शाळा वर्षावर्षाचं कंत्राट देतात, काम मिळू शकतं, पण विम्याचा हिशोब आधी मांडा, पगाराचा नंतर.

वैद्यकीय दाखल्याची मात्र धास्ती नको. वर्क परमिटसाठी डॉक्टर क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस आणि दारू-अमली पदार्थांचं व्यसन एवढंच बघतात. साखर आणि रक्तदाब त्या यादीत नाहीत.

पन्नाशीनंतर मिळणारा निवृत्तांचा व्हिसा घेऊन यायचं आणि मग शिकवायचं, असा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. त्या मुक्कामासाठी बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा 65,000 चं उत्पन्न दाखवावं लागतं आणि काम करायला सक्त मनाई असते. पर्यटक म्हणून येऊन शिकवणंही तसंच. विनापरवाना काम सापडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड आणि मायदेशी रवानगी. शाळेकडून कागद घेऊन नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, मग वर्क परमिट, हाच सरळ रस्ता. शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना किंवा तात्पुरती मुभा शाळेमार्फत मागायची. इथे तुमचं बी.एड. कामाला येतं. नुसती पदवी घेऊन आलेल्या पंचविशीतल्या गोऱ्या पोराला तात्पुरत्या मुभेवर दिवस काढावे लागतात, तुम्ही थेट परवान्याच्या रांगेत उभे राहू शकता. अर्जात ही ओळ सर्वात वर टाका.

आपल्या बायकांची गाडी अडते ती नावावर. बी.ए.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, त्यावर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. बी.एड. लग्नानंतरचं, त्यावर सासरचं नाव. पासपोर्टवर पुन्हा वेगळा क्रम. मुंबईत बसलेल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही, पण इथल्या कारकुनाच्या हिशोबी या तीन निरनिराळ्या बायका असतात. नाव बदलाचं राजपत्र आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दोन्ही इंग्रजीत तयार ठेवा, पदवीबरोबर तेही साक्षांकित करून घ्या. विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, थाई दूतावास हा फेरा तिकडे असतानाच उरकायचा. इथून भाच्याला पळवत बसलात तर तोही वैतागेल. पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा दाखलाही त्याच फेऱ्यात घ्या.

काम कसं असतं? सकाळी आठला झेंडावंदन, त्याआधी फाटकावर उभं राहून पोरांचे नमस्कार घेणं, मग पन्नासेक मुलांचा वर्ग. जिल्हा परिषदेच्या शाळेत घाम गाळलेल्यांना त्याचं नवल नाही. जिने मात्र विचारून घ्या. चार मजली इमारत आणि लिफ्ट नाही, हे इथे सर्रास. मुलाखतीत नमुना धडा घ्यायला लावतात, तेव्हा व्याकरणाचा फळा भरू नका. हातात दोन वस्तू घेऊन मुलांना बोलतं करा. मागे बसलेले परीक्षक तुमचा उत्साह मोजत असतात, वयाची शंका तिथेच फिटते किंवा पक्की होते.

वयाचा एक फायदा इथे खरोखर आहे. पांढऱ्या केसांच्या शिक्षकापुढे वर्ग लवकर शांत होतो. जूनमध्ये गुरुवंदनेचा सोहळा असतो, तोही बहुधा गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन फुलांचा द्रोण पुढे करतात, त्यात इक्झोराची लाल फुलं आणि चक्क दूर्वा खोचलेल्या. त्या दिवशी तरुण सहकारी जरा अवघडलेले असतात, आपण नसतो.

करार हातात आला की मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार मिळतो का, ते आधी वाचा. एजन्सीमार्फत आलात तर बहुधा मिळत नाही, शिवाय दर महिन्याला त्यांचा वाटा कापला जातो.

आणि पेन्शन. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, इथली सुट्टी असते ऑक्टोबरात, आणि नोव्हेंबर उजाडताच सत्र सुरू. त्यासाठी रजा मागू नका. मोबाइलवरून चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, तुमच्या कोषागाराला ते चालतं का आणि आधार, बँक खातं, मोबाइल नंबर नीट जोडलेत का, हे निघण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारा. तोच भारतीय नंबर इथे रोमिंगवर चालू ठेवा.