तंतुवाद्यासाठी टिकाऊ लाखेचे पॉलिश कसे निवडावे

गोव्यात व्हायोलिन, गिटार किंवा तानपुरा घडविणाऱ्याने जूनपासून सप्टेंबरपर्यंतची दमट हवा आणि वादकाच्या हाताचा घाम या दोन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे ठेवाव्यात. चकाकीचा विचार त्यानंतर करावा. लाखेचा थर अतिशय पातळ देता येतो, त्यामुळे तबलीचे (वाद्याच्या वरच्या पातळ फळीचे) कंपन दबत नाही, आणि नवा हात (नवा थर) जुन्या थरात विरघळून एकजीव होत असल्याने ओरखडे सहज बुजविता येतात. मात्र उष्णता, स्पिरिट (अल्कोहोल) आणि क्षार यांच्यापुढे ती हार मानते. उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेल्या वाद्यावर पेटीच्या मखमलीचे ठसे उमटतात, आणि सॅनिटायझर लावलेला ओला हात लागला तरी थर मऊ होतो.

लाखेत निसर्गतः काही टक्के मेण असते व ते पाण्याला होणारा विरोध कमी करते, म्हणून आपल्या हवेत मेण काढलेली पत्री (पातळ पापुद्र्यांची) लाख घेणे मला सर्वांत योग्य वाटते. बटण लाखेचा (गोल चकत्यांच्या रूपातल्या लाखेचा) थर चिवट असतो आणि तिचा तांबूस रंग फणसाच्या लाकडावर फार शोभतो. ती घेतल्यास स्पिरिटमधले द्रावण मेण तळाशी बसेपर्यंत काही दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ द्रावण तेवढे वापरावे. ब्लीच केलेली पांढरी लाख मात्र टाळावी, कारण ती सर्वांत लवकर जुनी होते आणि पुढे स्पिरिटमध्ये नीट विरघळतही नाही.

लाख कोणतीही असो, टिकाऊपणाचे खरे मर्म तिच्या ताजेपणात आहे. विरघळविलेली लाख स्पिरिटशी हळूहळू रासायनिक संयोग पावते आणि मग कितीही वाट पाहिली तरी कडक होत नाही. म्हणून एका लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम या प्रमाणात, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच द्रावण करावे आणि बाटलीवर तारीख लिहावी. वापरण्यापूर्वी काचेवर एक थेंब सुकवावा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले तर ती बाटली वाद्यासाठी वापरू नये.

केवळ लाखेवर समाधान नसेल, तर तिच्यात थोडे सँडरॅक (झाडापासून मिळणारी एक कडक राळ) मिसळल्याने थर अधिक कडक होतो. पण सँडरॅक ठिसूळ असल्यामुळे सोबत एलेमीसारखी मऊ राळ घालावी लागते. व्हायोलिनच्या स्पिरिट वार्निशांत हे मिश्रण पूर्वापार चालत आले आहे. गिटारच्या मानेवर, जिथे तळहात सतत घासतो, तिथे हे मिश्रण साध्या लाखेपेक्षा बरे.

पॉलिशचे काम शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे. दमट दिवशी स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि थर पांढरट पडतो. असे झाल्यास कोरड्या दिवशी स्पिरिटने किंचित ओलसर केलेली कापसाची पुरचुंडी हलकेच फिरवावी. शेवटच्या हातानंतर वाद्य किमान तीन आठवडे पेटीत बंद करू नये.