कोकणात गट नेताना खिशातलं पुस्तक किती पुरतं?

सहलींच्या कामात नव्याने येणारी मुलं-मुली हमखास विचारतात, कोकणासाठी काय वाचू? मी आधी खिशात मावणारं, शे-दीडशे पानांचं एखादं पर्यटन मार्गदर्शक घ्यायला सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गट नेताना माझ्या पिशवीत आजही असं एक पुस्तक असतं. रेंज नसलेल्या घाटात ते उघडता येतं हे खरं, पण त्याचा मोठा उपयोग निघण्याआधी, घरी बसून होतो. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण ही किनाऱ्याची ओळ एकदा डोक्यात बसली की पाहुण्यांनी वाटेत काहीही विचारलं तरी गडबडायला होत नाही. सूची मात्र नीट वाचा. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात आणि महर्षी कर्व्यांचं मुरुड दापोली तालुक्यात. बुकिंग करताना ही दोन गावं सहज एकमेकांच्या जागी जातात.

पुस्तक अंतर किलोमीटरमध्ये देतं. कोकणात वेळ ठरवतात त्या खाड्या. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणवरून वळसा घालून जायचं, की दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून वाशिष्ठी ओलांडायची, यावर अख्खा दिवस फिरतो. पुढे तवसाळ-जयगड फेरी घेतली की शास्त्री नदी ओलांडून गणपतीपुळ्याच्या वाटेला लागता येतं. शेवटची फेरी किती वाजता आणि मोठी बस घेतात का, हे त्या आठवड्यात फोन करूनच विचारायचं, छापील वेळेवर गट सोडायचा नाही.

समुद्राचंही तसंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे बहुतेक पुस्तकांत मिळेल. पण सुवर्णदुर्गाला होडीतून उतरताना पाणी किती असेल, हे कोणतं पुस्तक सांगणार? त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकून घ्या: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, म्हणून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं आणि होडीवाल्यालाही विचारायचं. त्याने नको म्हटलं तर नको. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

काही गोष्टी तर छापून ठेवताच येत नाहीत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून उगवणारे तिथले झरे, कधी येईल आणि किती दिवस राहील, याचाही नेम नाही. शिमग्यात कोणत्या वाडीत पालखी कधी नाचणार, ते गावालाच माहीत. पुस्तकात असा उल्लेख दिसला की त्याशेजारी गावातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर लिहून ठेवायचा.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेलेल्या मजकुराची. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे चौथरे दाखवताना, इथूनच लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियम वायू शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. ते ग्रहण १८ ऑगस्टला झालं आणि जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, हेलियमची पिवळी रेषा नोंदवली ती ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमध्ये. तरीही कट्टे दाखवायचेच. गोष्ट कशी पसरली तेही सांगायचं. शाळेची मुलं असली तर वर्णपट म्हणजे काय यावर थांबायचं. मुलं मन लावून ऐकतात, आणि विजयदुर्गाचं यात काही कमी होत नाही. त्याची तटबंदी आणि आंग्र्यांचं आरमार एवढंच सांगायलाही एक दुपार अपुरी पडते.

म्हणून तारखा आणि नावं तपासायला गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचायची सवय लावा. १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड भाषेला जड आहे, पण बंदरं, व्यापार, शेती यांचा तपशील त्यात भरपूर आहे. मालवण त्यात रत्नागिरीतच शोधायचं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. याच्या उलट, नव्या गोष्टींसाठी ताजी आवृत्तीच लागते. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. जुन्या पुस्तकांत त्यांचा पत्ताच नाही. २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग मराठा लष्करी स्थापत्यातले किल्ले म्हणून जागतिक वारशात गेले, तेव्हा त्यांच्याबद्दलचे प्रश्नही आता वाढणार.

जेवणाची पानं वाचताना महिना बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत पाहुण्यांना ताज्या सुरमईचं वचन देऊ नका.

नव्या माणसाने एकाच प्रदेशाची दोन वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत आणि जिथे ती जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करावी. तिथूनच विचारपूस सुरू करायची. समासात लिहिलेल्या प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका, नाहीतर दोन हंगामांनी तुमचीच नोंद छापील मजकुराइतकी जुनी झालेली असेल आणि ते तुम्हाला कळणारही नाही.